आतून उघडलेली दिंडी

संक्रांतीच्या आधीचा शनिवार होता. संध्याकाळी साडेसहाला बाबांचा फोन आला, तेव्हा मी इंदूरला, सुदामा नगरमधल्या आमच्या घरी होते. फोनमध्ये मागून एका बाईचा आवाज येत होता. इंग्रजीत, एकाच पट्टीत, पुन्हापुन्हा तेच ती बजावत होती.

"कॉम्प्युटर बोलतोय," बाबा म्हणाले. "पडदा सगळा लाल झालाय. पाच व्हायरस सापडले म्हणतोय, बंद करू नका म्हणतोय. खाली एक नंबर दिलाय. करू का फोन?"

"नका करू. आधी कॉम्प्युटरच्या मागची नेटची वायर काढा."

त्यांनी वायर काढली, तरी बाई बोलतच राहिली. मग मी त्यांना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबायला सांगितली. यादी उघडली, तीत ब्राउझरचं नाव शोधायला सांगितलं आणि ‘एंड टास्क’वर क्लिक करवलं. आवाज थांबला. बाबांनी सोडलेला श्वास मला फोनवर ऐकू आला. ते शहात्तर वर्षांचे आहेत.

तो लाल पडदा व्हायरसचा खरा इशारा नव्हता, ते ब्राउझरमधलं एक पान होतं. खरा अँटिव्हायरस पडद्यावर नंबर टाकून ‘आम्हाला फोन लावा’ असं सांगत नाही. त्या नंबरावर फोन लावला असता, तर पलीकडच्या माणसाने गोड बोलून कॉम्प्युटरचा ताबा दुरून देणारं ॲप बसवायला लावलं असतं आणि मग बँकेचं खातं उघडायला सांगितलं असतं. बाबांनी आधी मला फोन केला, म्हणून एवढ्यावर निभावलं. पण ते पान आपोआप का उघडलं, हा प्रश्न राहिलाच. मी स्कूटर काढली आणि रामबागेत आई-बाबांकडे गेले.

आई तिळाच्या वड्या थापत होती. बाबा खिडकीशी, बंद पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसले होते. त्या कॉम्प्युटरमध्ये त्यांचं सहा वर्षांचं काम आहे. आमच्या घरात होळकरी अमदानीतल्या मोडी पत्रांची एक पेटी आहे. त्यातलं एकेक पत्र वाचून बाबा ते देवनागरीत उतरवतात. चारशेच्या वर पानं झाली आहेत. "हे गेलं असतं का गं?" एवढंच त्यांनी विचारलं. मी काही उत्तर दिलं नाही, कारण तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

मी कॉम्प्युटरच्या क्षेत्रातली नाही, शाळेत भूगोल शिकवते. पण त्या आठवड्यात मी जे वाचलं, विचारलं आणि हाताने करून पाहिलं, ते नीट लिहून ठेवावंसं वाटतं. घरोघरी असे बाबा आहेत आणि त्यांची असलीच पेटी आहे.

त्या रात्री एकच काम केलं. बाबांच्या कॉम्प्युटरला हात न लावता माझ्या फोनवरून त्यांच्या ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदलला, मेलला दुहेरी पडताळणी लावली, खात्यातले मागच्या महिन्याचे व्यवहार एकेक करून तपासले. पैसे गेले नव्हते. गेले असते तर पहिला फोन १९३० वर लावायचा, हे मी आईच्या दिनदर्शिकेवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवलं. सायबर फसवणुकीसाठीची ती सरकारी मदतवाहिनी आहे. पैसे पुढे सरकण्याआधी थांबवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

रविवारी सकाळी पोहे खाऊन बसलो. विंडोजमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ नावाचा एक भाग आहे, ढालीचं चित्र असलेला. बाबांनी तो कधी उघडला नव्हता आणि खरं म्हणजे मीही नाही. अँटिव्हायरस त्यातच आहे. विंडोज ८ पासून तो कॉम्प्युटरबरोबरच येतो, वेगळा विकत घ्यावा लागत नाही. तिथे मला दिसलं की ‘रिअल-टाइम प्रोटेक्शन’ चालू आहे. मला बरं वाटलं. पण खाली ‘एक्स्क्लूजन्स’ म्हणजे वगळलेल्या जागांची यादी होती आणि त्या यादीत एकच ओळ होती: सी ड्राइव्ह. अख्खा.

म्हणजे पहारेकरी जागा होता, पण त्याला सांगितलेलं होतं की या घरात कुठेच बघायचं नाही.

"बाबा, डिसेंबरात कोणी आलं होतं का कॉम्प्युटर दुरुस्त करायला?"

आलं होतं. बाबांनी पंचवीस वर्षांपूर्वी एका छापखान्यात काही पत्रं टाइप करून घेतली होती. ती जुन्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडच्या आधीच्या टंकात होती, त्यामुळे नव्या कॉम्प्युटरवर नुसती वेडीवाकडी चिन्हं दिसायची. ती वाचता यावीत म्हणून एका दुकानातून मुलगा आला. त्याने पेन ड्राइव्हवरून जुनं मराठी सॉफ्टवेअर बसवलं, त्याचा परवाना मोडणारी छोटी फाइल चालवली आणि पाचशे रुपये घेऊन गेला. जाताना त्याने जे सांगितलं ते बाबांना शब्द न् शब्द आठवत होतं: "अंकल, अँटिव्हायरस बार-बार रोक रहा था, तो मैंने साइड कर दिया. अब परेशान नहीं करेगा."

‘प्रोटेक्शन हिस्ट्री’ उघडली. ३० डिसेंबर, दुपारी चार वाजून बारा मिनिटं: धोकादायक फाइल अडवली. चार तेरा: पुन्हा अडवली. चार पंधरा: परवानगी दिली. त्यानंतर एकही नोंद नाही.

ही तीन मिनिटं मी बराच वेळ बघत बसले. अँटिव्हायरस चुकला नव्हता. त्याने फाइल ओळखली होती, दोनदा अडवली होती, माणसाने ती आत घेतली. चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या त्या ‘परवाना मोडणाऱ्या’ फायली ट्रोजन, म्हणजे उपयोगी वस्तूच्या सोंगात आत शिरणारे घातक प्रोग्राम, पसरवण्याचा एक जुना आणि ठरलेला मार्ग आहेत आणि ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ ही सूचना त्यांच्याबरोबर नेहमी येते. ज्याला लपवायचं आहे, तोच दिवा मालवायला सांगतो. त्या मुलाचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही, पण एका म्हाताऱ्या माणसाच्या घरातला पहारा काढून घेताना त्याने एकदाही विचारलं नाही याचा राग अजून आहे.

वगळलेली ओळ काढून टाकली. ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ बंद होतं, ते चालू केलं. ते चालू असलं की दुसरा प्रोग्राम परस्पर अँटिव्हायरसची मुख्य सुरक्षा बंद करू शकत नाही. पुढे तपासणी करायची, तर अँटिव्हायरसकडची यादी ताजी हवी आणि त्यासाठी नेट हवं. मला तो कॉम्प्युटर नेटला लावायचा नव्हता. म्हणून माझ्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ती यादी उतरवून नव्या पेन ड्राइव्हवर आणली.

यादी म्हणजे काय, हे मी आईचं तांदूळ निवडायचं सूप पाहून बाबांना सांगितलं. खडा कसा दिसतो हे आईला ठाऊक असतं, म्हणून ती तो उचलते. अँटिव्हायरसकडे अशा ओळखीच्या खड्यांचे ठसे असतात आणि ते रोज नवे येतात. पण रोज नवे खडेही तयार होतात, त्यामुळे नुसत्या ठशांवर भागत नाही. म्हणून तो फाइल काय करतेय हेही पाहतो: एखादा प्रोग्राम अचानक शेकडो फायली उघडून त्यांची अक्षरं बदलायला लागला, किंवा कॉम्प्युटर सुरू होताच आपण चालावं अशी गुपचूप सोय करायला लागला, तर ठसा माहीत नसला तरी संशय येतो.

बाबांना हे लगेच पटलं, कारण त्यांच्या नोकरीतली एक आठवण होती. ते बँकेत होते. १९९२ साली ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले होते आणि ६ मार्चला ‘मायकेलँजेलो’ नावाचा व्हायरस जागा होऊन डिस्क पुसणार म्हणून सगळीकडे घबराट होती. त्या दिवशी त्यांच्या साहेबांनी मशीन सुरूच करू दिली नव्हती. फ्लॉपीतून येणारा व्हायरस, त्यावर इलाज म्हणजे फ्लॉपी घालायची नाही. पुढे पुण्याच्या काटकर बंधूंचं क्विक हील आलं तेव्हा त्यांना कोण अभिमान वाटला होता. "आपल्या माणसानं केलेलं," असं त्या रविवारीही ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं की तेही घालू या का वरून, म्हणजे दुहेरी पहारा होईल. तसं होत नाही. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी जागे असले की एकमेकांच्या फायलींवर संशय घेतात आणि मशीन रखडते. दुसरा बसवला की विंडोजचा आपला बाजूला होतो. विकत घ्यायचा तर जरूर घ्यावा, पण एकच, आणि त्याची मुदत संपली की लगेच नूतनीकरण किंवा तो काढून टाकणं. मुदत संपलेला अँटिव्हायरस नुसता नावाला असतो.

पूर्ण तपासणीला तीन तास चाळीस मिनिटं लागली. सात गोष्टी सापडल्या: पाच जाहिराती उघडणाऱ्या (तो लाल पडदा त्यातल्याच एकीचा) आणि दोन ट्रोजन. नंतर ‘ऑफलाइन स्कॅन’ही केला. त्यात कॉम्प्युटर पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण जागं होण्याआधीच तपासणी होते, पंधराएक मिनिटं. जागा असलेला ट्रोजन स्वतःला लपवू शकतो, झोपलेला नाही. त्यात आणखी काही निघालं नाही.

फायरवॉलकडे वळेपर्यंत दुपार टळली होती.

"फायरवॉल म्हणजे आगीची भिंत?" बाबांनी विचारलं. आग पुढे जाऊ नये म्हणून दोन घरांच्या मध्ये घालतात ती भिंत, त्यावरून हे नाव आलं. यावर ते राजवाड्याचं बोलायला लागले. खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी, आणि राजवाडा तीनदा जळला, शेवटचा १९८४ मध्ये. त्यांनी ते पाहिलं आहे. ते सांगत असताना मी मध्ये बोलले नाही.

पण घरच्या कॉम्प्युटरची फायरवॉल मला भिंतीपेक्षा देवडीवरच्या माणसासारखी वाटते. वाड्याच्या मोठ्या दरवाजात एक छोटी दिंडी असते आणि आत येणाऱ्याला देवडीवर थांबवून विचारतात: कोणी बोलावलं? कॉम्प्युटरला अशा आकडे घातलेल्या दिंड्या पासष्ट हजारांच्या वर आहेत, त्यांना पोर्ट म्हणतात. फायरवॉल लक्षात ठेवते की आतून कोणी कुणाला निरोप धाडला. त्याचं उत्तर आलं की दिंडी उघडते. न बोलावता आलेल्याला, त्याच्यासाठी आधी नियम केलेला नसेल तर, उत्तरच देत नाही. विंडोजची ही फायरवॉल २००१ सालच्या एक्सपीमध्येही होती, पण बंद अवस्थेत यायची. २००३च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा किडा नुसत्या नेटच्या वायरीतून, कोणी काही न उघडता, मशीनमागून मशीन लागण करत गेला. त्यानंतर २००४ साली सर्व्हिस पॅक २ आला आणि फायरवॉल मुळातच चालू मिळायला लागली.

माझा मुख्य प्रश्न वेगळा होता. घरात राउटर आहे, बाहेरून न बोलावता आलेलं बहुतेक तिथेच अडतं. मग कॉम्प्युटरची वेगळी फायरवॉल कशाला?

उत्तर आमच्या वरच्या खोलीत राहत होतं. तिथे भंवरकुआंला कोचिंगला जाणारा एक मुलगा भाड्याने राहतो, बिचारा अतिशय सज्जन, आणि आमचंच वाय-फाय वापरतो. त्याचे मित्र येतात, तेही वापरतात. त्यांच्यातल्या एखाद्याच्या लॅपटॉपला लागण झाली, तर ती राउटरच्या आतल्या बाजूने येणार, तिथे राउटर मध्ये पडत नाही. २०१७ साली १२ मेला वॉनाक्राय नावाचा किडा सुटला, तो ४४५ नंबरच्या दिंडीतून, फायली वाटून घेण्याच्या सोयीतून, एकाच नेटवर्कमधल्या मशीनवरून मशीनवर पसरला. मायक्रोसॉफ्टने ते भोक बुजवणारं अपडेट मार्चमध्येच दिलेलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं, त्यांच्यातल्या अनेकांच्या फायली कुलूपबंद झाल्या.

बाबांच्या मशीनवर हीच दिंडी उघडी होती. कधीतरी प्रिंटरसाठी कोणीतरी ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर घरातल्या सगळ्यांना खुलं करून ठेवलं होतं, लिहिण्याच्या परवानगीसकट. मोडीची चारशे पानं त्यातच होती. परवानगी दिलेल्या ॲपच्या यादीत एक नाव अपडेटसारखं वाटणारं पण कोणत्याच कंपनीचं नसलेलं होतं, त्याच्यापुढे ‘प्रायव्हेट’ (घरचं नेटवर्क) आणि ‘पब्लिक’ (बाहेरचं) दोन्ही खुणा. त्याच्या फाइलची तारीख पुन्हा ३० डिसेंबर. ट्रोजनने देवडीवर स्वतःसाठी चिठ्ठी लिहून ठेवली होती.

आणि एक गोष्ट मला तोवर माहीत नव्हती, ती कळल्यावर मी हादरले. विंडोजची फायरवॉल बाहेरून आत येणाऱ्याला अडवते. आतून बाहेर जाणाऱ्याला, वेगळं सांगितलं नसेल तर, अडवत नाही. एरवी ब्राउझर, मेल, काहीच चाललं नसतं. म्हणजे ट्रोजन एकदा आत आला की तो आतला माणूस म्हणून बाहेर निरोप धाडू शकतो आणि फायरवॉल त्याचं उत्तरही आत घेते. म्हणूनच देवडी आणि सूप दोन्ही हवीत. एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही.

राउटरचं पान उघडलं. पासवर्ड अजून तोच, खालच्या स्टिकरवर छापलेला. तो बदलला. ‘यूपीएनपी’ बंद केलं, त्यामुळे घरातला कुठलाही प्रोग्राम परस्पर राउटरची दिंडी उघडू शकत नाही. वरच्या मुलासाठी ‘गेस्ट नेटवर्क’ वेगळं करून दिलं. त्याला काय सांगावं या विचारात मी होते, पण तोच म्हणाला, "दीदी, ये तो पहले ही कर देना था."

साफसफाई झाली होती. तरी मन मानेना. बारा दिवस ट्रोजन आत होता. त्याने काय काय बदललं हे कोणतीही तपासणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पुढच्या शनिवारी आम्ही विंडोज पुसून नव्याने बसवलं. त्याआधी बाबांची पानं आणि फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतले, फक्त लेखनाच्या आणि चित्रांच्या फायली, एकही प्रोग्राम नाही. माझ्या लॅपटॉपवर त्या तपासल्या. दुसरी प्रत भावाकडे पाठवली. ती हार्ड डिस्क आता कपाटात असते, कॉम्प्युटरला लावलेली नसते. कायम लावून ठेवलेली प्रत, फायली कुलूपबंद करणारा व्हायरस आला तर, मूळ फायलींबरोबरच जाते.

मशीन जुनी, तिच्यावर विंडोज ११ चालत नाही. विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. घरच्या मशीनना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची वाढीव मुदत आहे, तिच्यात नोंदणी केली. अँटिव्हायरसची यादी त्यानंतरही, २०२८पर्यंत येत राहणार आहे, पण नुसती यादी पुरत नाही. विंडोजमधलं भोक बुजवायचं काम अपडेटचं. तेव्हा या वर्षात नवी मशीन घ्यायची, हे मी बाबांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी मान्य केलं, जरा वेळाने.

नव्याने विंडोज सुरू झालं तेव्हा मी ढालीचं पान उघडलं. फायरवॉल चालू. अँटिव्हायरस चालू. टॅम्पर प्रोटेक्शन चालू. वगळलेल्या जागा शून्य. मी एकाही बटणाला हात लावला नव्हता. हे सगळं पहिल्या दिवसापासून असंच होतं. जे जे उघडं सापडलं, ते आमच्याच घरात बसून कोणीतरी उघडलेलं होतं.

म्हणून बाबांसाठी साधं खातं केलं. काही नवं बसवायचं असेल, फायरवॉलला परवानगी द्यायची असेल, तर वेगळा पासवर्ड लागतो. तो पासवर्ड मी स्वतःकडे ठेवला नाही. मशीन त्यांची आहे. त्यांनी तो आपल्या वहीत मोडीत लिहून ठेवला. दुकानातला मुलगा आला तरी त्याला विचारावं लागेल आणि विचारलं की बाबा विचार करतील.

अँटिव्हायरस खरंच जागा आहे का, हे तपासायची एक निरुपद्रवी युक्ती आहे: आयकार चाचणी फाइल. अडुसष्ट अक्षरांची एक ठरलेली ओळ, जगभरचे अँटिव्हायरस तिला व्हायरस मानायचं ठरवून बसलेले आहेत. बाबांनी ती स्वतः नोटपॅडमध्ये टाइप केली, एकेक अक्षर तपासून, पोथी उतरवावी तशी. सेव्ह केलं. दोन क्षणांत कोपऱ्यात इशारा आला आणि फाइल नाहीशी झाली. ते त्या इशाऱ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी आईला हाक मारून पुन्हा करून दाखवलं.

जुन्या टंकातली पानं शेवटी त्या छापखान्यातल्या निवृत्त ऑपरेटरने सोडवून दिली. त्यांच्याकडे मूळ परवान्याचं सॉफ्टवेअर होतं. एका दुपारी सगळं युनिकोडमध्ये करून दिलं आणि चहाशिवाय काही घेतलं नाही.

मागच्या बुधवारी मी वर्गात असताना बाबांचा फोन येऊन गेला. मधल्या सुट्टीत लावला.

"एक खिडकी आलीय," ते म्हणाले. "फायरवॉलने एका ॲपचे काही भाग अडवलेत, परवानगी द्यायची का विचारतेय. मी काहीच दाबलेलं नाही."

"काय नाव आहे?"

त्यांनी नाव वाचलं, खाली लिहिलेली कंपनी वाचली, फाइलची जागा वाचली, ‘प्रोग्राम फाइल्स’पासून पुढे एकेक शब्द. नव्या स्कॅनरचं होतं. सकाळीच त्यांनी पासवर्ड घालून कंपनीच्या साइटवरून ते बसवलं होतं आणि आता पहिल्यांदा पत्र स्कॅन करायला घेतलं होतं.

"मग हे आपणच बोलावलंय," बाबा म्हणाले. "प्रायव्हेटवर खूण करतो. पब्लिक रिकामं ठेवतो."

वही उघडल्याचा आवाज आला, मग थांबून थांबून बटणांचा. थोड्या वेळाने पलीकडे स्कॅनर सुरू झाला.